“टेक जोडून गाणं म्हणजे फसवणूक” म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

कोल्हापुरातल्या भजनी मंडळांच्या, ऑर्केस्ट्रावाल्यांच्या, गाणं शिकणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरायला लागलाय. लई लांब आहे, थोडक्यात सांगतो. आजकालच्या गायकांना एक ओळ धड म्हणता येत नाही, स्टुडिओवाला दहा टेकचे (म्हणजे तेच गाणं दहा वेळा गाऊन घेतलेल्या रेकॉर्डिंगचे) तुकडे जोडून गाणं उभं करतो, ही श्रोत्यांची फसवणूक. जुन्या काळी सगळं एका टेकात व्हायचं. तुकडे जोडले की भाव मरतो. सगळे ट्रॅक (वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज) मर्ज करून एक केला की क्वालिटी निम्मी होते. आणि शेवटी ‘स्टुडिओवाल्यांचं गुपित’ म्हणून, आवाज भरदार पायजे तर तोच ट्रॅक कॉपी करून चारदा एकावर एक ठेवा. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘खऱ्या कलाकारांनी पुढे पाठवा’.

माझं रोजचं कामच व्होकल रेकॉर्ड करणं आणि एडिट करणं आहे, आणि आता गायला येणारी माणसंच हा मेसेज दाखवून विचारायला लागलीत, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मेसेज लिहिणाऱ्यानं मुळात तीन वेगळी कामं एकात कालवलीत. एक म्हणजे निवड, म्हणजे तेच गाणं चार-पाच वेळा गाऊन घ्यायचं आणि प्रत्येक ओळीचा चांगला टेक उचलून एक सलग व्होकल तयार करायचा, ह्याला आम्ही कॉम्पिंग म्हणतो, ह्यात एका वेळी एकच टेक वाजतो. दुसरं म्हणजे थर, म्हणजे लीड (मुख्य आवाज), डबल (तीच ओळ परत गायलेली), हार्मनी (वेगळ्या सुरांतली साथ), कोरस (समूहाचा आवाज) सगळे एकाच वेळी वाजतात. तिसरं म्हणजे हे सगळं झाल्यावर एकच फाइल काढणं, बाउन्स म्हणा, रेंडर म्हणा, मर्ज म्हणा. तिन्ही वेगळी झाली की मेसेजमधली अर्धी भीती तिथंच संपते.

आता ‘जुन्या काळी एका टेकात’. अर्धं खरं आहे आणि त्याची साक्ष आपल्याच गावात आहे, प्रभातनं 1932 ला ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट कोल्हापुरात केला तेव्हा पार्श्वगायन नव्हतंच, नटानंच कॅमेऱ्यापुढं गायचं. पण ते तत्त्व म्हणून नव्हतं हो, दुसरा मार्गच नव्हता. मेणाच्या तबकडीवर रेकॉर्डिंग व्हायचं तेव्हा मधला तुकडा कापताच येत नव्हता, चुकलं की नवीन तबकडी घ्या आणि पहिल्यापासून गा. पुढं सिनेमाच्या गाण्यात अख्खा वाद्यवृंद आणि गायक एकत्र असायचे, एक व्हायोलिनवाला चुकला तरी सगळे परत सुरुवातीपासून. म्हणजे ‘एक टेक’ म्हणजे पहिला टेक नव्हे, अनेकांतून निवडलेला एक टेक, निवड तेव्हाही होतीच की, फक्त ती अख्ख्या गाण्याची होती, ओळीची नव्हती.

आणि टेप आल्यावर ब्लेडनं कापून जोडायला कुणी मागंपुढं बघितलं नाही. ग्लेन गूल्ड म्हणून कॅनडाचा पियानोवाला, 1964 नंतर त्यानं मैफिली कायमच्या सोडल्या आणि स्टुडिओतच वाजवला, बाखच्या एका फ्यूगचा (एकच धून एकामागून एक आवाजात येते अशा रचनेचा) टेक 6 आणि टेक 8 जोडून एक केल्याचं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय, अगदी अभिमानानं. बीटल्सचं ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ टेक 7 आणि टेक 26 जोडून बनलंय, 1966 मध्ये, दोन्हीची पट्टी वेगळी, लय वेगळी, टेपचा वेग बदलून जुळवलेली. आणि मला सगळ्यात आवडणारा किस्सा 1952 चा, वॅग्नरच्या ऑपेराचं रेकॉर्डिंग होतं, कर्स्टन फ्लॅगस्टाड गात होत्या, वय पन्नाशीच्या पुढं, तर दोन सर्वात उंच सूर त्यांच्या जागी एलिझाबेथ श्वार्झकॉफनी गायले. एका बाईच्या गाण्यात दुसऱ्या बाईचे सूर! आज आम्ही तर त्याच माणसाचाच दुसरा टेक लावतोय.

ह्यात एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या बाजूनं सांगायला पायजे. देवल क्लबात (आपली कोल्हापूरची गाण्याची जुनी संस्था) कुणी तासभर राग मांडला तर ते रेकॉर्डिंग कापायचं नाही, खोकला आला तरी राहू दे. तिथं वाढत जाणारा क्रमच गाणं असतो, मधली एक तान काढून दुसऱ्या दिवसाची घातली तर पुढच्या सगळ्याचा संदर्भ जातो. पण जोतिबाचं चार मिनिटांचं भक्तिगीत वेगळं, तिथं श्रोत्याला तुम्ही कधीच सांगितलेलं नसतं की हे एका दमात गायलंय.

भाव मरतो हा मुद्दा जरा सावकाश घेऊ कारण इथं खरंच मरतो, पण जोडल्यामुळं नाही, अक्षरं निवडल्यामुळं. नवीन पोरं सॉफ्टवेअरमध्ये टेक एकाखाली एक लावतात, रीपरमध्ये, क्युबेसमध्ये, लॉजिकमध्ये ही सोय कधीची आहे, एबलटनमध्ये 2021 ला आली, माउस फिरवला की तेवढा तुकडा वर येतो, इतकं सोपं झालंय की मग एकेक अक्षर शोधत बसतात. ‘विठ्ठल’मधला ‘वि’ तिसऱ्या टेकचा आणि ‘ठ्ठल’ पाचव्याचा. असं केलं तर गाणारं माणूस राहतच नाही, सूर बरोबर आणि चेहरा गायब. माझी पद्धत अशी की आधी पूर्ण टेक ऐकायचे, ज्याच्यात जीव आहे तो पाया धरायचा, त्यातल्या दोन-तीन ओळीच फक्त दुसरीकडून आणायच्या. सूर किंचित खाली आहे पण ओळ आतून आलीय, तर तीच ठेवायची. हे कानाचं काम आहे, सॉफ्टवेअर ते करत नाही.

जोड कुठं द्यायचा हेही ठरलेलं असतं. श्वासाच्या जागी, किंवा प, ट, क सारख्या अक्षराच्या आधी, कारण ती म्हणताना तोंडातली हवा क्षणभर अडते आणि तिथं शांतता मिळते. स, श चालतात. मींडेच्या मधी कधीच नाही. दहा-वीस मिलिसेकंदाचा क्रॉसफेड (एक टेक विरत जातो तसा दुसरा वर येतो) द्यायचा, नाहीतर टक् असा आवाज येतो. आणि श्वास तपासायचा, दोन टेकचे दोन श्वास लागोपाठ आले की ऐकणाऱ्याला कारण कळत नाही पण खटकतं जरूर. बाकी अर्धं काम रेकॉर्डिंगलाच होतं: माइकपासून एक वीत अंतर, सगळे टेक एकाच बैठकीत, पंखा बंद. माइकच्या जवळ गेलं की खर्ज वाढतो, म्हणून कुठल्या टेकला जवळून गायलं आणि कुठल्याला मागं सरकून गायलं ते जोडल्यावर लगेच उघडं पडतं.

क्वालिटी निम्मी होते, हे साफ चूक. आजची बहुतेक सॉफ्टवेअर आतून 32 किंवा 64 बिट फ्लोटमध्ये (म्हणजे लई बारीक आकड्यांत) बेरीज करतात, 24 बिट किंवा 32 बिट वेव्ह (न दाबलेली फाइल) काढली तर कानाला कळेल असं काही जात नाही. माझ्यावर विश्वास नको, स्वतः करून बघा. सगळे ट्रॅक बाउन्स करा, ती फाइल परत त्याच सेशनमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या त्या गाण्याच्या कामात) आणा, फेज उलटा करा (आवाजाची लाट वरची खाली, खालची वर) आणि मूळ ट्रॅकांबरोबर वाजवा, सगळं गप्प झालं म्हणजे दोन्ही सारखेच. (कोरस नावाच्या इफेक्टसारखं, दर वेळी थोडं वेगळं वाजणारं प्लगिन असेल तर थोडं काहीतरी ऐकू येईल, ते काढून करा.) मग लोकांना फरक का जाणवतो? कारण बऱ्याचदा एमपीथ्री (दाबून लहान केलेली फाइल) काढून तीच परत आत घेतलेली असते. किंवा मोनो-स्टीरिओच्या गडबडीत लेव्हल 3 डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) खाली येते आणि हळू वाजलं की माणसाला वाईटच वाटतं. किंवा लेव्हल शून्याच्या वर जाऊन फाटलेली असते. किंवा रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) फाइलमध्ये कायमचा मिसळला गेलाय आणि ट्रॅकवर अजून चालूच आहे. ह्यात मर्जचा दोष कुठं आला? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा बाबांनो, व्हॉइस नोट म्हणून नको.

आता ते ‘गुपित’. हेच सगळ्यात जास्त नुकसान करतंय म्हणून चिडूनच लिहितो. एकच फाइल दोनदा एकावर एक ठेवली की लेव्हल 6 डीबी वाढते, चारदा ठेवली की 12. बस. फेडर (आवाज कमीजास्त करायची पट्टी) वर केला असता तरी तेच झालं असतं, भरदारपणा वगैरे काही नाही, मोठं झालं म्हणून भारी वाटतं. आणि कॉपी जरा सरकली तर अजून वाईट, एक मिलिसेकंद सरकली की 500 हर्ट्झ, 1500, 2500 अशा जागी आवाज एकमेकाला खाऊन टाकतो आणि गायक पाइपातून बोलल्यासारखा ऐकू येतो. भरदार पायजे तर परत गाऊन घ्या! माणूस दोनदा तंतोतंत सारखं गाऊच शकत नाही, तो बारीक फरकच कानाला जाडी देतो. ‘चांगभलं’चा गजर पायजे असेल तर चार माणसं उभी करा, तीनदा म्हणून घ्या, दर वेळी जागा बदलायला सांगा, डावीउजवीकडं पसरवा. अख्खी यात्रा उभी राहते.

बाकी ‘लाइव्ह गाता आलं पायजे’, बरोबर, आलंच पायजे, पण तो मुद्दा स्टेजचा आहे. स्टुडिओत येणाऱ्यांना एवढंच सांगणं की मर्ज करायच्या आधी सेशनची एक कॉपी मूळ टेकसकट बाजूला ठेवा, लीड, डबल आणि कोरस एका फाइलीत कोंबून मिक्सिंगला पाठवू नका, सगळ्यांना एका ग्रुप ट्रॅकवर नेलं की एकाच फेडरनं वरखाली होतात आणि वेगळेही राहतात. द्यायच्याच असतील तर तिन्हीच्या वेगळ्या वेव्ह काढा, सगळ्या गाण्याच्या शून्यापासून सुरू होणाऱ्या, म्हणजे समोरच्याला जुळवत बसावं लागत नाही.