हळद ‘सुपरक्रिटिकल’ झाली म्हणून शुगरची गोळी सुटत नाही

रामबागेतल्या माझ्या आत्याने शुगरची गोळी परस्पर बंद केली. कारण घरच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडने बनवलेली अतिसूक्ष्म हळद. केमिकल शून्य, शंभर टक्के शोषण, साइड इफेक्ट नाही, गोळ्या सुटतात.’ पीथमपूरच्या औषध कारखान्यात माझं कामच पावडरींचं आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

केमिकल शून्य? ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार दाबाच्या वर कार्बन डायऑक्साइड वायू ‘सुपरक्रिटिकल’ होतो, म्हणजे द्रवासारखा विरघळवतो, आणि दाब सोडला की उडून जातो. इथवर खरं. पण कर्क्युमिन, म्हणजे ज्याच्यासाठी ही पावडर विकतात तो हळदीतला पिवळा घटक, त्यात जवळपास विरघळतच नाही. हळदीतून नुसता तो फिरवला तर हाती तेल येतं, कर्क्युमिन बहुतेक चोथ्यातच राहतं. म्हणून ते आधी अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवून दाबाखालच्या वायूत नोझलने फवारतात. सॉल्व्हंट, म्हणजे ते अल्कोहोल किंवा ॲसिटोन, वायूत मिसळतो, कर्क्युमिन बारीक कणांनी खाली बसतं. उरलेला सॉल्व्हंट मग ताजा वायू फिरवून काढावा लागतो. किती उरला, याचा रिपोर्ट विकणाऱ्याकडे मागा.

शोषणाबद्दल अर्धं मान्य करावं लागतं. ५० मायक्रॉनचा कण १ मायक्रॉनचा केला तर तेवढ्याच वजनाचं पृष्ठफळ ५० पट होतं, आणि पावडर लवकर विरघळते. पण विरघळलेलं कर्क्युमिनही आतडं आणि यकृत भराभर बदलून टाकतात. शंभर टक्के कुठून आणलं?

सगळ्यात घातक ओळ ‘साइड इफेक्ट नाही’ ही. म्हणे, हळद तर आपण रोज खातो. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. म्हणजे ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिनच्या एका कॅप्सूलमध्ये सोळा-सतरा ग्रॅम हळदीचं कर्क्युमिन. वरणात कोण एवढी घालतं? औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृत बिघडलेले १० रुग्ण मांडले. पाच जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं, एक जण यकृत निकामी होऊन गेला. तपासलेल्या ७ उत्पादनांपैकी ३ मध्ये मिऱ्यातलं पायपेरीनही सापडलं. ते शोषण वाढवायलाच घालतात, आणि काही दुसऱ्या औषधांचं रक्तातलं प्रमाणही त्याने वाढतं. असे रुग्ण विरळा, हे खरं. पण ‘नाही’ म्हणणं खोटं आहे.

आणि गोळ्या सुटतात, याला तर काही आधारच नाही. कण कोणत्या मशीनमध्ये बनला यावरून आजार बरा होत नाही.

आत्याची गोळी डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू केली आहे. तुमच्या घरी कोणी ही पावडर घेत असेल आणि लघवी गडद, डोळे पिवळे किंवा अंगाला खाज दिसली, तर ती लगेच थांबवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लिव्हरची तपासणी करून घ्या, आणि जाताना डबी सोबत न्या.