आपल्या सोयीने

‘आपल्या सोयीने, आपल्या गतीने, आपल्याला हवे तेव्हा’ असे जाहिरातीत लिहिले होते, आणि नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठीच तो एक्सेलचा अभ्यासक्रम आखलेला असल्यामुळे मी लगोलग नाव नोंदवले. एकूण सहा तास, सहा-सहा मिनिटांचे साठ व्हिडिओ; रोज दोन पाहिले तरी महिन्याभरात काम फत्ते, असा माझा हिशेब होता. तो मी कागदावर पेनने केला होता, ही गोष्ट वेगळी.

अडचण एवढीच झाली की, माझी म्हणावी अशी सोय दिवसभरात कुठे सापडेना. ऑफिसात हेडफोन लावून बसलो, तर मागून जाणाऱ्याला मी सिनेमा पाहतो आहे असे वाटे आणि घरी लॅपटॉप उघडला, तर “घरीसुद्धा ऑफिसच का?” असा प्रश्न येई. शेवटी रात्री साडेदहाची वेळ ठरली. पाचव्या दिवशी दीडपट वेगाने बोलणाऱ्या शिक्षकांच्या आवाजात मला इतकी गाढ झोप लागली की, जाग आली तेव्हा व्हिडिओ आपोआप एकामागून एक सरकत गेलेले होते आणि पडद्यावर ‘अभिनंदन! आपण तिसरा विभाग पूर्ण केला आहे’ असे झळकत होते. जागेपणी माझी इतकी प्रगती कधीच झाली नव्हती, त्यामुळे ती नाकारण्याचा कोतेपणा मी केला नाही.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि पाठ केलेल्यापैकी निम्म्याहून अधिक तासाभरातच निसटते, असे १८८५ मध्ये मांडले. बिचाऱ्याला ते अक्षरगट स्वतः तयार करावे लागले. मला चौथ्या विभागात व्हीलुकअप आयतेच मिळाले.

व्हीलुकअप म्हणजे एका यादीतला क्रमांक दुसऱ्या यादीत शोधून त्याच्यासमोरची माहिती उचलून आणणारे सूत्र. त्याच्या कंसात चार गोष्टी भरायच्या असतात आणि चौथी ऐच्छिक असते, एवढे ऐकून मी ती सोडून दिली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोठ्या दिमाखात शिल्लक रजांचा तक्ता केला, तेव्हा एका लिपिकाच्या नावावर साहेबांची रजा जमा झाली आणि तो लिपिक दोन दिवस माझ्याशी विलक्षण प्रेमाने वागला. चौथी जागा सोडली की एक्सेल तिथे ‘ट्रू’ धरते, यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे गृहीत धरते आणि जवळपासच्या उत्तरावर भागवते. माझी यादी तर मुळीच क्रमाने नव्हती. नेमके उत्तर हवे असेल, तर तिथे ‘फॉल्स’ लिहावे लागते. खरे मिळवण्यासाठी खोटे लिहावे लागते हे कळायला अभ्यासक्रम कशाला हवा होता, नोकरीत इतकी वर्षे काढली आहेत!

असो. महिन्याचा अभ्यासक्रम चार महिन्यांत संपत आला. व्हीलुकअप आता मला झोपेतही येत होते, किंबहुना तिथेच आधी आले होते. साठाव्या व्हिडिओत शिक्षक हसतमुखाने म्हणाले की, हे सगळे जुने झाले. २०१९ मध्ये एक्सलुकअप जाहीर झाले आहे, ते न सांगता नेमकेच उत्तर शोधते आणि उजवीकडचेच नव्हे, तर डावीकडचेही पाहते, तेव्हा यापुढे तेच वापरावे.

मी धडधडत्या काळजाने ऑफिसात जाऊन पाहिले. आमच्या संगणकांवर एक्सेल २०१६ आहे आणि त्यात एक्सलुकअप नाही. इतक्या जुन्या वस्तूचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता. गेल्या आठवड्यात संगणक विभागातला मुलगा येऊन, “सर, तुमच्याकडे नवी आवृत्ती कधी टाकू?” असे विचारत होता.

मी म्हटले, “काही घाई नाही. तुझ्या सोयीने.”