जुना फ्लॅट स्वस्त पडतो म्हणणाऱ्यांसाठी

हल्ली जो तो विचारतोय, नवीन प्रोजेक्ट परवडत नाहीत तर पुण्यात कोथरूड-सहकारनगरकडे तीसेक वर्षं जुना टू बीएचके बघू का. बघा की. मी पण तसाच घेतलाय, कोथरूडात, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिसरा मजला, आणि परत घ्यायचा झाला तरी जुनाच घेईन, खोल्या ऐसपैस, भाजी-दूध-दवाखाना सगळं चालत. पण हातात रोकड किती आहे ते आधी मोजा, कारण जुनं घर तीच खातं.

समजा ६० लाखांचा सौदा आहे. बँक फार तर ८० टक्के देणार, आणि त्यांच्या व्हॅल्युअरने बिल्डिंगचं वय बघून किंमत कमी धरली की तेवढंही नाही. म्हणजे १२ लाख तुमचे. स्टँप ड्युटी मेट्रोचा सेस धरून ७ टक्के, ४ लाख २० हजार, वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार, एजंटचे वेगळे, आणि यातलं काहीच लोनमध्ये बसत नाही. एकट्या बायकोच्या नावावर घेतलात तर ड्युटीत १ टक्का सुटतो, ६० हजार वाचतात, फक्त जॉइंटमध्ये तुमचं नाव टाकता येत नाही (यावरून घरात काय होतं ते तुमचं तुम्ही बघा).

हे सगळं भरून खिसा रिकामा झाला की मग मिस्त्री येतो. आमच्याकडे बाथरूमची फरशी फोडली तर खाली अजून एक फरशी, आधीच्या मालकांनी जुनीवरच नवीन बसवलेली. त्याखाली कोबा भिजून भुसभुशीत, आणि जीआयचा, म्हणजे जुना लोखंडी पाईप कापला तर आत गंज धरून धरून जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक उरलेलं, तरीच शॉवरला प्रेशर नव्हतं. खालच्या काकू लगेच वर आल्या, "अरे आमच्याकडे केव्हापासून गळतंय, आधीचे नुसते बघतो बघतो म्हणायचे." म्हणजे त्यांच्या छताचं प्लास्टर पण आमच्याच बिलात. सगळी लाईन सीपीव्हीसीची (न गंजणाऱ्या प्लास्टिकची) केली, वॉटरप्रूफिंग परत केलं, आणि राडारोडा गोण्यांत भरून जिन्याने खाली नेण्याचे गोणीमागे पैसे, हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. त्यामुळे घर बघायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये बघा, आणि फक्त एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर समजून जा तिथे ओल आहे.

कागदांचं पण तसंच. पहिल्या बिल्डरपासूनचे सगळे ओरिजिनल करारनामे लागतात, मधला एक गहाळ असेल तर पोलिसात तक्रार, पेपरात जाहीर नोटीस, आणि तोवर बँक हलत नाही. वकिलाकडून सर्च रिपोर्ट (जुन्या नोंदी तपासून मालकी आणि बोजा सांगणारा) घ्याच, तिथे पैसे वाचवू नका. फ्लॅट तुमच्या नावावर करताना सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांच्या वर घेता येत नाही, पण आमच्याकडे "बिल्डिंग फंडाला काहीतरी द्या" असं गोड बोलून सुचवलं गेलंच. मी पावती मिळेल का विचारलं, विषय तिथेच थांबला.

आणि "रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे" म्हणून भाव चढवून सांगतात ना, त्याला तर एक रुपया जास्त देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. राज्य सरकारच्या २०१९ च्या जीआरनंतर ५१ टक्के सभासदांची संमती पुरते हे खरं, पण आधी कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी, सोसायटीच्या नावावर झालंय का विचारा, पुष्कळ जुन्या सोसायट्यांचं अजून झालेलं नाही, जमीन कागदोपत्री मूळ मालकाचीच. स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट पण मागा, तीस वर्षांवरच्या बिल्डिंगला दर तीन वर्षांनी करायचं असतं, सेक्रेटरी टाळाटाळ करायला लागले की तेच उत्तर समजा.

अजून एक, प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत लागलीय का बघा, नसेल तर महापालिकेचा पीटी-३ फॉर्म भरायला लागतो. एजंट हे सांगत नाहीत.