‘त्यांचं कार्ड काढू नका’ या मेसेजबद्दल

पारोळ्याच्या आमच्या आप्पांना गेल्या महिन्यात जिना चढताना छातीत दुखलं. डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली. चुलतभाऊ कपाटात रेशनकार्ड शोधत होता, तेवढ्यात आप्पांनी मोबाइल पुढे केला. “मी त्यास्नं कार्ड लेवाव नही.” म्हणजे, त्यांचं कार्ड मी घेणार नाही.

गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरून आलेला मेसेज. मोफत उपचाराची योजना सत्तेतल्या पक्षाची आहे, तिचं कार्ड काढलं की तुमचं नाव त्यांच्या यादीत आणि मतही त्यांचंच. कोविडची लसही त्यांचीच होती, घेतली नाही ते शहाणे. आपलं सरकार आलं की दवाखाने आपोआप सुधारतील.

यादी कुठली आणली? या जन आरोग्य योजनेसाठी दवाखान्यातला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, रेशनकार्ड आणि ओळखपत्र बघतो. तिथे पक्ष कोणी विचारत नाही, आणि मत गुप्त असतं. योजना कुणा एकाची नाही. १९९७ मध्ये युतीच्या काळात जीवनदायी आली. २०१२ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीनं ती राजीव गांधींच्या नावानं नव्यानं आणली, तीही आधी आठ जिल्ह्यांत, त्यात आपला धुळे होता. २०१७ मध्ये भाजप-शिवसेनेनं तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. पुढे दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर गेलं. पैसा सरकारी तिजोरीतला. आप्पा ट्रॅक्टरला डिझेल टाकतात तेव्हा त्यातला कर तिथेच जातो. मग उपकार कुणाचे?

एक गोष्ट मान्य करावी लागते. श्रेयासाठी नावं बदलतात, शिबिराच्या बॅनरवर डॉक्टरांपेक्षा नेत्याचा फोटो मोठा असतो, आणि पुढाऱ्याचा फोन गेला की खाट लवकर मिळते हे मी स्वतः पाहिलंय. लोकांना योजना पक्षाची वाटते, त्यात पक्षांचाही दोष आहे. पण म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढायचं?

लसीचा मुद्दा मात्र मला सहन होत नाही, कारण त्यात माणसं मेली आहेत. जानेवारी २०२१ मध्ये समाजवादी पक्षाचे अखिलेश यादव म्हणाले, भाजपच्या लसीवर विश्वास कसा ठेवू. जूनमध्ये वडिलांनी लस घेतली, मग त्यांनीही घेणार असल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली होती. अमेरिकेत हेच उलट्या बाजूनं झालं. ओहायो आणि फ्लोरिडातल्या ५ लाख ३८ हजार मृत्यूंची मतदारनोंदणीशी जुळणी करून केलेला अभ्यास २०२३ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. लस सगळ्या प्रौढांना खुली होईपर्यंत दोन्ही पक्षांच्या मतदारांत फारसा फरक नव्हता. त्यानंतर रिपब्लिकनांमधला जादा मृत्यूंचा, म्हणजे एरवीच्या अपेक्षेपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचा, दर डेमोक्रॅटांपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. कुणी लस घेतली, कुणी नाही, हे एकेका माणसागणिक अभ्यासकांना कळलं नव्हतं. पण लसीकरण कमी झालेल्या भागांत ही तफावत मोठी होती. आजार तोच, गावं तीच. आप्पा, याला शहाणपण म्हणायचं का?

राहिला ‘आपल्या सरकारचा’ मुद्दा. पोलिओचे डोस दिल्लीत १९९४ मध्ये भाजप सरकारनं सुरू केले, १९९५ मध्ये केंद्रात काँग्रेस असताना ते देशभर गेले, आणि शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. मधे केंद्रात किती सरकारं बदलली. कुणीही आधीच्यांचं म्हणून डोस थांबवले नाहीत.

सोमवारी चुलतभाऊ आप्पांना धुळ्याला नेणार आहे. काकूनं रेशनकार्ड पिशवीत घालून ठेवलंय. आप्पा अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत.