‘फसवणूक’ या एका शब्दाबद्दल, एक तारा देणाऱ्या दादांना

जय भीम दादा,

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत काउंटरवर मी तुमच्याशी चढ्या आवाजात बोलले, त्याबद्दल मनापासून माफी मागते. पहाटे पाचपासून उभी होते, पण ते काही कारण झालं नाही. चूक माझीच.

आता आमच्या ‘पक्ष-उभारणीची पत्रं’ या बाबासाहेबांच्या पत्रांच्या पुस्तिकेवर तुम्ही रिव्ह्यूमध्ये लिहिलंय त्याबद्दल. 48 पानांचे 80 रुपये घेतले, पत्रं अर्धवट दिली, मधे भरताड घातली, आणि मुळात रिपब्लिकन पक्ष निघाला 1957 साली, बाबासाहेब गेले 1956 साली, मग त्यांची पक्ष-उभारणीची पत्रं आली कुठून? “शुद्ध फसवणूक.” बाकी सगळं मी मुकाट्याने ऐकून घेतलं असतं. हा शेवटचा शब्द जिव्हारी लागला. माझे वडील दीक्षाभूमीच्या रस्त्यावर चादर अंथरून पुस्तिका विकायचे. पावसात स्वतः भिजायचे, पण पुस्तकांवर ताडपत्री असायची. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दुकानाला फसवं म्हटलेलं मी सोडून देऊ शकत नाही.

तारखा तुमच्या बरोबर आहेत. पक्षाची रीतसर स्थापना नागपुरातच 3 ऑक्टोबर 1957 ला झाली, एन. शिवराज पहिले अध्यक्ष झाले. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण त्याआधीच, 6 डिसेंबर 1956 चं. पण दादा, पक्ष काही स्थापनेच्या सभेत पहिल्यांदा सुचत नाही. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, म्हणजे बाबासाहेबांचाच अनुसूचित जातींचा आधीचा पक्ष, 1942 पासून होतं, तेही नागपुरातच निघालेलं. ते बंद करून सगळ्यांना येता येईल असा पक्ष काढायचा, हा विचार बाबासाहेबांनी स्वतः केला होता. 30 सप्टेंबर 1956 ला दिल्लीत फेडरेशनच्या कार्यकारिणीत तो निर्णय झाला. आमची पुस्तिका त्या तारखेच्या मागच्या-पुढच्या काळाची आहे.

पान 17 पुन्हा उघडा. त्यावर 24 सप्टेंबर 1956 चं पत्र आहे, बाबासाहेबांनी समाजवादी नेते राममनोहर लोहियांना लिहिलेलं. लोहियांचे दोन सहकारी बाबासाहेबांना भेटून गेले होते, त्यांच्याशी बराच वेळ बोलणं झालं होतं. त्यावर ते लिहितात की 30 तारखेला कार्यकारिणी आहे, तुमच्या मित्रांचा प्रस्ताव मी तिच्यापुढे ठेवतो, आणि 2 ऑक्टोबरला तुम्ही माझ्या दिल्लीच्या घरी या. येणार असाल तर तारेने कळवा, म्हणजे फेडरेशनच्या काही कार्यकर्त्यांनाही भेटीसाठी थांबवून ठेवतो. ही शेवटची ओळ मराठीत नीट बसेना, म्हणून मी आणि आमचे एक निवृत्त मास्तर दोन संध्याकाळी बसलो होतो. तब्येत खालावलेला माणूस परगावच्या कार्यकर्त्यांच्या परतीच्या गाड्यांचा विचार करतोय. पक्ष उभारणं म्हणजे हेच नाही तर काय? ज्याला हे खासगी पत्र पक्ष-उभारणीचं वाटत नाही, त्याला मी आणखी काय दाखवू?

लोहियांना ती तारीख जमली नाही. पुढे ऑक्टोबरातच दिल्लीत भेटायचं ठरत होतं, तेही राहिलं. मधे 14 ऑक्टोबरची आपली दीक्षा झाली, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले. ती भेट कधीच झाली नाही. हे पान छापून आलं तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले होते.

“पत्रं अर्धवट” म्हणालात ती लोहियांची. ती आम्ही मुद्दाम सारांशात दिलीत, आणि तसं पान 4 वर लिहिलंयही. लेखक गेल्यावर 60 वर्षं स्वामित्वहक्क असतो. लोहिया ऑक्टोबर 1967 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापून आलेले शब्द विनापरवाना जसेच्या तसे घ्यायला 2028 साल उजाडावं लागेल. बाबासाहेबांकडे लेख मागणारं 10 डिसेंबर 1955 चं पत्र, आणि बाबासाहेबांच्या निधनानंतर आपले सहकारी मधू लिमयांना 1 जुलै 1957 ला लिहिलेलं, बाबासाहेबांना आपल्याकडे आणायची इच्छा होती आणि ती वेळ जवळ आली होती असं सांगणारं पत्र, ही दोन्ही मलाही पूर्ण छापायची होती. पण दुसऱ्याच्या मालकीचं मी उचलत नाही.

यावरून एक बोलते, राग मानू नका. त्या दिवशी तुम्ही काउंटरला टेकून पान 17 ते 24 चे मोबाईलवर फोटो काढत होता. मागे बाळ कडेवर घेऊन एक ताई उभी होती, लांबून आलेली, हातात पैसे मोजून धरलेले. मी दोनदा “दादा, जरा बाजूला” म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज चढला. तुमच्या रिव्ह्यूमध्ये आवाज आलाय, फोटो आले नाहीत. नंतर तुम्ही पुस्तिका विकत घेतलीत, हेही मी मानते.

‘भरताड’ म्हणजे राजकीय प्रशिक्षणाच्या शाळेचं प्रकरण असावं. 1 जुलै 1956 ला मुंबईत बाबासाहेबांनी ती शाळा सुरू केली, पहिल्या तुकडीत 15 विद्यार्थी. त्याच वर्षी जो माणूस पक्षाची पत्रं लिहितोय, तोच त्या पक्षाला लागणारी माणसं घडवायला शाळा काढतोय. ते प्रकरण काढलं तर पत्रं लोंबकळत राहतील. मी ते काढणार नाही.

किमतीचं थोडक्यात सांगते. आम्ही हजार प्रती काढतो, मोठा प्रकाशक असता तर स्वस्तात पडलं असतं. पुढच्या वेळी काही कमी करता येतं का ते बघते.

मुखपृष्ठावर मात्र नुसतं ‘पक्ष-उभारणीची पत्रं’ आहे, साल आत आहे, हे तुमचं खरं. ‘1955 ते 1957’ असं बाहेर यायला हवं होतं. उरलेल्या प्रतींवर स्टिकर लावायचं मनात आहे, जमेल तसं करू. गर्दीच्या दिवशी काउंटरवर आणखी एक माणूस ठेवायचाही विचार आहे.

आमचं दुकान वर्षातले दोन महिने चालतं, ऑक्टोबर आणि डिसेंबर. बाकीचे दहा महिने त्यावरच निघतात. आता 6 डिसेंबरला चैत्यभूमीला स्टॉल लावायचा आहे, आणि काल एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, “ताई, ते फसवणुकीचं काय म्हणतात?” त्यांना काय सांगावं ते मला सुचेना.

पुस्तिका नको असेल तर आणून द्या, बिल नसलं तरी 80 रुपये परत देते. तारा एकच ठेवायचा तर ठेवा, तो तुमचा अधिकार. पण पान 17 शांतपणे वाचा, आणि त्यानंतर तो एक शब्द तेवढा काढता आला तर काढा. दुकान सकाळी दहा ते रात्री साडेआठ उघडं असतं, सोमवारी बंद. आलात तर या वेळी चहा घेऊनच जा.