मशीनवरचा फोटो शर्टातलाच

निवृत्त सुभेदारसाहेब खानापुरातून विधानसभेला अपक्ष उभे राहणार, हा विषय काढला बापूनं. खानापूर रोडवरच्या आपल्या कट्ट्यावर रविवारी विषय तोच काढतो.

"नाक्यावरचा बॅनर बघितलासा काय? दहा बाय वीस! अंगात गणवेश, छातीवर पदकं, मागं तोफ. बघूनच सलाम ठोकावा वाटतंय. खानापुरात आता दुसरा उमेदवारच नको. जिंकले सुभेदारसाहेब!"

"तोफ कशाला?" हवालदारमामा म्हणाले. "साहेब मराठा लाइट इन्फंट्रीतले. पायदळ. तोफखान्याशी त्यांचा काय संबंध?"

"लोकांना काय कळतंय त्यातलं!"

"बेळगावात? घरटी एक फौजी असलेल्या गावांत? मराठा रेजिमेंटच्या सेंटरच्या भिंतीला लागून वाढलेल्या लोकांना?" मामा पुढं बोलले नाहीत. त्यांचं एवढंच असतं, आणि पुरेसं असतं.

टायपिस्टकाका गिरमिट खात होते. कचेरीबाहेर बसून त्यांनी इतक्या निवडणुकांचे अर्ज टाईप केलेत की नमुना क्रमांक विचारला तर झोपेतही सांगतील. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "बापू, मतदानाच्या मशीनवर फोटो कुठला देणार?"

"हाच की!"

"चालत नाही. मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो यायला लागला २०१५ पासून. मापही ठरलेलं आहे. रुंदी २ सेंटिमीटर, उंची अडीच. अधिसूचनेच्या आधीच्या तीन महिन्यांतला, पार्श्वभूमी पांढरी, कपडे साधे. गणवेश चालत नाही, असं निवडणूक आयोगाच्या सूचनेतच लिहिलंय. टोपी नको, काळा चष्मा नको. आता तू सांग. चार महिने गावोगाव गणवेशातला माणूस दाखवलास, आणि मतदार आत गेला की त्याच्यासमोर शर्टातला कोणीतरी. तो शोधणार कुणाला?"

बापू गप्प. पाच सेकंद. हा त्याचा विक्रम असावा.

"खरं बाहेरच्या प्रचारात तर चालतंय की!"

"तिथंही जपून. जाहिरातीत सैन्यातल्या माणसांचे, सैन्याच्या कार्यक्रमांचे फोटो वापरू नका, असं आयोगानं ४ डिसेंबर २०१३ ला सगळ्या पक्षांना कळवलंय. मार्च २०१९ मध्ये पुन्हा तेच बजावलं. कुणी तक्रार केली की पहिली नोटीस तुझ्या तोफेला."

"पदकं तरी?"

"पदकं त्यांची स्वतःची आहेत, कोटावर लावू देत," मामा म्हणाले. "हुद्दाही लिहू देत, पुढं निवृत्त लिहून. त्यात लाजायचं काय?"

इथं मास्तरांना राहवलं नाही. मास्तर म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समितीचे जुने कार्यकर्ते, एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, निषेधाची काळी फीत बांधल्याशिवाय घराबाहेर न पडणारे. "फोटोचं सोडा. साहेब कुणाचे म्हणून उभे आहेत ते आधी सांगा. अपक्ष म्हणजे मराठी मतं परत फुटली. २०१३ ला आपले दोन आमदार होते, खानापूर आणि बेळगाव दक्षिण. २०१८ ला समितीचे दोन गट समोरासमोर उभे राहिले, आणि आमदार किती आले? शून्य. पुन्हा तेच नाटक?"

"फुटली ती तुमच्या दोन गटांमुळं, फौजीमुळं न्हवं," बापू उसळला.

"तू कुणाला शिकवतोस? १९९६ ला कोण उभा होता लोकसभेला?"

झालं. दर दोन-तीन महिन्यांनी हे निघतंच. १९९६ ला बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष जावं म्हणून समितीनं माणसं उभी केली होती. आमचा बापू त्या ४५६ मधला एक.

"अभिमान हाय मला त्याचा!"

"असावाच," टायपिस्टकाका म्हणाले. "तेव्हा अनामत होती ५०० रुपये. तुमच्यासारख्यांमुळं त्याच वर्षी कायदा बदलला आणि लोकसभेला ती १०,००० झाली, विधानसभेला २५० ची ५,०००. आता लोकसभेला २५,००० आणि विधानसभेला १०,०००. अनुसूचित जाती-जमातीला निम्मी. अर्जावर नाव सुचवून सही करणारे सूचकही त्याच बदलात वाढले. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार पाहिजेत."

"पहिला सूचक मी!" बापूनं हात वर केला.

"तुझं नाव कुठल्या यादीत?"

"टिळकवाडीत."

"म्हणजे बेळगाव दक्षिण. साहेब उभे खानापुरात. तुझी सही पडली की दहाचे झाले नऊ, आणि नऊवर अर्ज बाद. साहेबांचा पहिला शत्रू तूच."

मास्तर एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

हसणं बाजूला ठेवून सांगायचं तर अपक्षांचे अर्ज इथंच मार खातात. सूचकाचं नाव बरोबर असतं, पण यादीचा भाग क्रमांक जुन्या यादीतला असतो. कुणी अंगठा आधीच उठवून आणतो. तो अधिकाऱ्यासमोर उठवायचा असतो. काकांचा सल्ला सरळ आहे. ताजी यादी घ्या, दहा नावं भाग क्रमांक आणि अनुक्रमांकासह स्वतः ताडून बघा, आणि एकाच मतदारसंघात चार अर्ज भरायची मुभा आहे ती वापरा. दोन संच वेगवेगळ्या सूचकांचे ठेवले की एक बाद झाला तरी दुसरा उभा राहतो, अनामत एकदाच. अर्ज ११ ते ३ या वेळेत. शेवटच्या दिवशी पावणेतीनला मिरवणुकीनं जाणाऱ्यांबद्दल काका काय म्हणतात ते इथं लिहिता येणार नाही.

"फौजीला एक कागद जास्तीचा लागतो," काका म्हणाले, "आणि तो कुणाच्याच ध्यानात नसतो. नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र. त्यात विचारलंय, गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थानात राहिलात काय? राहिला असाल तर भाडं, वीज, पाणी, टेलिफोन, सगळ्याची थकबाकी नाही असा दाखला जोडा. आता फौजी माणूस दहा वर्षांत किती क्वार्टरं बदलतो?"

मामांनी बोटं मोजली. "फॅमिली क्वार्टर मिळालं असेल तर दोन, तीन. एक इकडं, एक पार आसामात."

"मग तो दाखला आसामातून आणायचा. अर्ज भरायच्या आठवड्यात मागितला तर येणार आहे का? आज पत्र टाका. आणि रकाना एकही रिकामा सोडायचा नाही. नसेल तर 'नाही' लिहा, 'निरंक' लिहा. रिकामा दिसला की अधिकारी नोटीस देतो, भरून दिला नाही तर अर्ज बाद. पेन्शन हे उत्पन्न आहे, ते लिहा. बायकोचं वेगळं लिहा. पाच वर्षांचे आयकराचे आकडे लिहा."

"पेन्शनीमुळं अपात्र करतील काय?" मास्तरांचा प्रश्न खरा होता, टोमणा नव्हता.

"पेन्शन म्हणजे लाभाचं पद नव्हे. खरं निवृत्तीनंतर डीएससीत, म्हणजे लष्कराच्या ठाण्यांची राखण करणाऱ्या दलात, परत भरती झाला असेल तर ती सरकारी नोकरी. अर्ज भरायच्या आधी राजीनामा मंजूर झाल्याचा कागद हातात पाहिजे, नुसता राजीनामा दिल्याचा नव्हे. आणि बडतर्फ असेल तर आणखी वेगळं. २०१९ ला वाराणसीत सीमा सुरक्षा दलाच्या तेज बहादूर यादवचा अर्ज कशावर गेला? बडतर्फी भ्रष्टाचार किंवा देशद्रोहासाठी नव्हती, असं आयोगाचं प्रमाणपत्र जोडलं नव्हतं. सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, तिथंही हरला."

"आमचे साहेब सन्मानानं निवृत्त झालेत!" बापू ओरडला. रस्त्यापलीकडचा पानवाला बघायला लागला.

"मग ओरडतोस कशाला? आणखी एक सांग त्यांना. अर्ज दिला की शपथ घ्यायची, छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. मिरवणुकीच्या नादात ती राहिलेले उमेदवार मी बघितलेत."

बापूनं मग शेवटचा पत्ता टाकला. तालुक्यातले जेवढे जवान आज सीमेवर आहेत, त्यांची सगळी टपाली मतं साहेबांचीच. रेजिमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला की काम झालं.

मामा पहिल्यांदाच चिडले. "खबरदार. ग्रुपमध्ये सेवेतली पोरं आहेत. त्यांना राजकारण बंद आहे. एखाद्यानं तो मेसेज पुढं ढकलला तर त्याची नोकरी अडचणीत येईल. मत कुणाला द्यायचं ते त्यांचं ते बघतील. सांगायचंच असेल तर मत बाद कसं होऊ नये ते सांगा."

आणि त्यांनी सांगितलं, सावकाश. सेवेतल्या मतदाराला मतपत्रिका आता ऑनलाइन जाते. पिन टाकून ती उघडायची, छापायची, खूण करायची आणि छोट्या पाकिटात बंद करायची. नमुना १३-अ ची घोषणा वेगळी, सही करून, अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून. घोषणा आणि छोटं पाकीट दोन्ही मोठ्या पाकिटात. चूक होते ती इथं. पोरं घोषणा छोट्या पाकिटात मतपत्रिकेबरोबरच कोंबतात, किंवा साक्षांकनच राहतं. मग मोजणीच्या टेबलावर ते मत बाजूला पडतं. आणि पाकीट मोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत पोचलं पाहिजे. बर्फातल्या चौकीवरून टपाल निघायला किती दिवस लागतात, ते मामांना विचारा.

मास्तर हट्ट सोडत नव्हते. "सगळं मान्य. खरं विधानसभेत जाऊन करणार काय? बॅनरवर लिहिलंय, वन रँक वन पेन्शन मिळवून देणार."

"ते दिल्लीचं काम," मामा म्हणाले. "पेन्शन दिल्लीची, माजी सैनिकांचा ईसीएचएसचा दवाखाना दिल्लीचा, कँटीन दिल्लीची. आमदाराचा हात तिथं पोचत नाही. इथल्या सुवर्णसौधात विधानसभेचं अधिवेशन भरतं, तिथं विचारायचं ते वेगळं. माजी सैनिकांच्या जमिनीचे अर्ज का पडून आहेत ते विचारा. अग्निवीर चार वर्षांनी घरी येणार, शंभरातले पंच्याहत्तर, पेन्शन नाही. पहिली तुकडी २०२३ च्या जानेवारीत गेली, म्हणजे २०२८ च्या निवडणुकीआधी ती पोरं गावात असतील. त्यांना राज्याच्या भरतीत काय देणार ते विचारा. आणि जंगलातल्या आमगाव-गवाळीच्या आजाऱ्याला पावसाळ्यात रस्त्यापर्यंत कसं आणायचं, ते आधी विचारा."

मला विचाराल तर सुभेदारसाहेबांनी बॅनर उतरवून हे एवढं वाक्य घेऊन तालुका फिरावा. कणकुंबी-जांबोटीला मराठीत, बिडी-ईटगी-कक्केरीला कन्नडात. बावीस-चोवीस वर्षं देशभर राहिलेल्या माणसाला भाषेचं भय नसतं, आणि शर्टातला माणूस लोकांच्या ओळखीचा व्हायला दुसरा मार्गही नाही.

"मराठीचं काय? सरकारी परिपत्रकं मराठीत मागणार काय ते?" मास्तर.

"ते तुम्ही स्वतः जाऊन विचारा त्यांना," काका म्हणाले. "आणि उत्तर पटलं तर सूचक मिळवून द्या. तुमचे विद्यार्थी अख्ख्या नंदगडात आहेत. बूथवर बसायलाही पोरं लागतील. मतदान सातला, त्याआधी दीड तास मॉक पोल, पन्नास मतं टाकून मशीन तपासतात. साडेपाचला हजर राहणारा एजंट पाहिजे, आणि संध्याकाळी १७-सी ची, म्हणजे बूथवर पडलेल्या मतांच्या हिशोबाची, प्रत घेतल्याशिवाय न उठणारा. एवढ्या पहाटे उठायची सवय माजी सैनिकांनाच आहे. फौजेचा उपयोग करायचा तर इथं करा."

मास्तरांनी नाही म्हटलं नाही. त्यांचं नाही म्हणणं आम्हाला ओळखू येतं. हे ते नव्हतं.

"अनामत तरी वाचेल काय?" मी विचारलं.

"वैध मतांच्या सहाव्या हिश्शाहून जास्त पाहिजेत. दीड लाख मतदान झालं तर पंचवीस हजारांच्या वर. आणि पडले तरी निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा, नाही दिला तर तीन वर्षं बंदी. चाळीस लाखांची मर्यादा आहे म्हणून चाळीस लाख घालवायचे नसतात. बापूचा बॅनरही त्या हिशोबात धरतील."

"बॅनर मी माझ्या पैशानं लावलाय!"

"मग तर आणखी घोळ. कुणी लावला, किती रुपयाला, सगळं लिहून दे."

बापूनं खिशातून फोन काढला, बॅनरवाल्याला लावला, आणि मग हातानं फोन झाकून काकांना हळूच विचारलं, "मिशी चालते काय मशीनवर?"

"मिशी चालते."

"मग झालं की! साहेबांची मिशी अख्खा तालुका ओळखतोय!"

मामासुद्धा हसले. मास्तर डोळे पुसत म्हणाले, "बापू, तुझ्या वेळेला फोटो नव्हता ते बरं झालं. घरात सहा मतं, आणि तुला पडली चार. फोटो असता तर तीनच पडली असती."

"ती दोन कुणाची, घरात अजून कुणी सांगत नाही," बापू म्हणाला, आणि चहावाल्याला ओरडून सगळ्यांचे पैसे स्वतःच्या नावावर लिहायला सांगितले.