वरचं किती, खालचं किती

काल जिन्यात शेजारचे काका फोनवर कुणाला तरी सांगत होते, "अहो त्यांच्या पिकअपचं लिकेज ना, शेवटी मीच काढून दिलं." मी दोन पायऱ्या खाली उभा, नखांत अजून ग्रीस, आणि त्यांनी मला बघून वर हात पण केला. म्हणून हे लिहितोय, नाहीतर मला काही लिहायची हौस नाही.

तर गाडी जुनी आहे. रोज सकाळी खाली कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तळहाताएवढं हिरवं डबकं. गाडी फिरवून आणली की मात्र ठणठणीत कोरडी, इंजिन तापलेलं असताना एक थेंब नाही. पुन्हा रात्रभर गार झाली की सकाळी डबकं हजर. मेकॅनिककडे न्यावी तर ती तिथपर्यंत पोचेस्तोवर गरम झालेली असते, मग तो बोनेटखाली बॅटरी मारून बघतो आणि म्हणतो कुठे काय आहे. आणि जो भेटेल तो एकच सांगतो, होज पाईपच्या क्लिपा टाईट करा. केल्या हो! स्क्रूवाली क्लिप पिळून पिळून किती पिळणार, ती शेवटी रबरात रुतते आणि चांगला होज पाईप कापून ठेवते. त्याचे पैसे सांगणारा भरत नाही.

लिकेजचा सगळ्यात मोठा हलकटपणा म्हणजे ते जिथून निघतं तिथे कधी ठिबकत नाही. वर पुढे कुठेतरी पाझरणार, ब्लॉकच्या कडेकडेने, एखाद्या ब्रॅकेटवरून, वायरिंगच्या मागून फिरत फिरत पार गिअरबॉक्सच्या तोंडाशी जाणार आणि तिथून खाली पडणार. आपण खाली पुठ्ठा टाकून आडवे झालो की दिसतो फक्त शेवटचा थेंब. वॉटर पंपावर संशय होता. त्याला खालच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न घुसता तिथून बाहेर यावं म्हणून. ते कोरडं. हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधल्या पॅकिंगची, भीती होती, पण ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ काही नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, मागून पांढरा धूर नाही. म्हणजे मोठा आजार नाही, हे कळलं. छोटा सापडेना.

आणि मी असा गाडीखाली आडवा असताना मला काकांच्या चपला दिसल्या.

"एसीचं पाणी आहे," चपला म्हणाल्या.

"काका, या गाडीला एसी नाहीये."

"असं कसं? सगळ्यांना असतो. तुमचा बंद असेल."

मग ते केबिनमध्ये डोकं घालून बटण शोधायला लागले. मला खालून आवाज येतायत, हे ओढ, ते ढकल. "हे काय मग, निळं आणि लाल?" हीटर आहे, म्हटलं. "मग तेच की! हीटर म्हणजे उलटा एसी." यावर मी काय बोलणार, मी १२ नंबरचा पाना शोधत होतो, तो त्यांच्या पायाखाली होता. सांगितलं तर दुसरा पाय उचलला.

बरं, एसीचं पाणी रंग नसलेलं असतं आणि हे हिरवंगार, चिकट, गोडसर वासाचं, हे मी त्यांना सांगितलं आणि तिथेच घोटाळा झाला. गोडसर ऐकल्यावर काका खाली वाकले आणि त्यांनी डबक्यात बोट बुडवलं. "चाखून कळतं. आमच्या वेळी सगळं चाखूनच बघायचे." मी गाडीखालून हात काढून त्यांचं मनगट धरलं, काळ्या पंजाने, पांढऱ्या शर्टाच्या बाहीसकट. अहो विष असतं ते! इथिलिन ग्लायकॉल, किडन्या जातात माणसाच्या, कुत्री-मांजरं चवीला भुलून चाटतात आणि मरतात, म्हणून तर मी रोज सकाळी बादली घेऊन जमीन धुतोय. काकांनी बोट पुसलं (माझ्या पुठ्ठ्याला), बाहीकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढं ओरडायला काय झालं, मी फक्त वास घेणार होतो."

याच्या आधीही एकदा मी गाडी लावतोय, रेडिएटर सळसळतोय, आणि हे फडकं घेऊन हजर, "झाकण उघडून बघू की पातळी." त्या झाकणाने आतलं पाणी साधारण एक बारच्या दाबाखाली कोंडून ठेवलेलं असतं, निम्मं कूलंट निम्मं पाणी असलं की ते सव्वाशे डिग्रीच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब गेला, आणि अख्खा रेडिएटर एका क्षणात उकळून तोंडावर. मी चावी, फडकं आणि काका, तिन्ही गोष्टी गाडीपासून लांब नेल्या.

असो. शेवटी प्रेशर टेस्टर मागून आणला. हातपंप, त्याला दाब दाखवणारं घड्याळ, आणि रेडिएटरच्या तोंडावर बसणारं झाकण. गार इंजिनवर लावायचा, रेडिएटरच्या झाकणावर ०.९ छापलंय तर तेवढाच दाब भरायचा, जास्त नाही, आणि काटा बघत बसायचं. मी पंप दाबतोय फुस्स फुस्स, काटा चढतोय, आणि मागून आवाज.

"वरचं किती आलं?"

"वरचं म्हणजे?"

"वरचं आणि खालचं. खालचं महत्त्वाचं असतं. माझं खालचं नव्वद आहे."

मग त्यांच्या खालच्याची हकीकत. गोळी सकाळची की रात्रीची, मीठ कुणी बंद केलं, जावयाने काय सांगितलं. आणि मला शांतता हवी होती, कारण या टेस्टमध्ये डोळ्यांइतकंच कानांचं काम असतं, बारीक हिस्स येतं तेवढंच. काका नव्वदवरून शंभरवर गेले, माझा काटा ०.९ वरून ०.७ वर. "बघा, तुमचं पण उतरतंय," ते म्हणाले, "चांगलं आहे." उतरतंय हेच तर वाईट आहे हो काका! दाब उतरतोय म्हणजे कुठून तरी जातंय. मी शेवटी सरळ म्हटलं, दोन मिनिटं गप्प बसा. ते बसले. तोंड फुगवून, पण बसले. आणि तेव्हा ऐकू आलं.

थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगची मान, म्हणजे पाणी तापलं की वाट उघडणारी झडप ज्या डबीत बसते तिचं नळीसारखं तोंड, ज्यावर वरचा होज चढतो. खालच्या बाजूला, जिथे डोकं घालून बघता येत नाही, आरसा धरला तर एक हिरवा थेंब फुगत होता. होज काढला तर ॲल्युमिनियम पार खाल्लेलं, खड्डे आणि पांढरी पावडर. गाडीच्या आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं नुसतं पाणी घातलं असणार, कूलंटमध्ये गंज रोखणारं जे असतं ते पाण्यात कुठून येणार. इंजिन तापलं की धातू आणि रबर फुगून फट बुजायची, गार झालं की आक्रसून वाट मोकळी. खड्ड्यांवर क्लिप किती आवळली तरी काय होणार?

हाऊसिंगला बोल्ट किती, तर अगदी मोजके. पण त्यातला एक अल्टरनेटरच्या ब्रॅकेटमागे असा, की ज्याने गाडी बनवताना तो तिथे ठेवला त्याच्या हातात आयुष्यात कधी पाना नव्हता यावर मी पैज लावतो. एवढ्याशा बोल्टसाठी अल्टरनेटर सोडायचा, पट्टा सोडायचा, बोटांची सालं काढायची. कागदी पॅकिंगचा जुना थर खरवडण्यात दुपार गेली. नवीन हाऊसिंग, नवीन पॅकिंग, आणि स्क्रूच्या क्लिपऐवजी स्प्रिंगवाली, ती रबर आक्रसलं तरी आपली दाबून धरते. मग हीटर फुल ठेवून हळूहळू कूलंट भरलं, हवा निघेपर्यंत बुडबुडे बघत. दुसऱ्या दिवशी पातळी थोडी खाली दिसली तेव्हा पोटात गोळा आला, पण ती राहिलेली हवा होती. जमीन कोरडी.

आता काकांचं म्हणणं असं, की ते बोलायचे थांबले म्हणून मला हिस्स ऐकू आलं, म्हणजे शोध त्यांचाच. तांत्रिकदृष्ट्या यात चूक काढता येत नाही, हाच तर त्रास आहे.

आज सकाळी वरच्या मजल्यावरचे एकजण स्कूटर ढकलत घेऊन आले. काकांनी पाठवलंय म्हणाले, तुमच्याकडे ते गाडीचं बीपी बघायचं मशीन आहे ना, जरा लावून द्या. स्कूटर एअर कूल्ड आहे. हिला रेडिएटरच नाही, मी म्हटलं, लावू कुठे?

"काका म्हणाले सगळ्यांना असतो," ते म्हणाले. "तुम्ही बघून तर घ्या."